फोनला जावक क्रमांक नसतो

प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या पतसंस्थेत वडिलांची साडेचार लाखांची ठेव अडकली आहे. बोगस कर्जं दाखवून रक्कम उचलल्याचं ऑडिटमध्ये आलं. मुलाने ठाण्यात तक्रार दिली. दोन आठवड्यांनी ‘प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे’ असं कन्नड हिंबरह, म्हणजे पोलिसांचं लेखी उत्तर, हातात पडलं. चेअरमन एका वजनदार नेत्याच्या जवळचा. मुलगा विचारतो, ‘आमच्या ओळखीच्या दुसऱ्या नेत्याकडून एसपींना फोन करवू का? नाहीतर महाराष्ट्रातल्या एखाद्या मंत्र्याकडून? आणि पोलिसांचा तपास राजकारणापासून लांब ठेवायला कायद्यात काही आहे की नाही?’

फोन करवू नका. आधी तेवढंच सांगतो, बाकीचं सविस्तर.

बेळगाव कोर्टात फौजदारी वकिली करून मला तीस वर्षं होत आली. एकदा मीही हेच केलं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. बांधावरून झालेल्या मारहाणीत अशिलाचा हात मोडलेला आणि ठाणं दाद देईना. अशिलाला घेऊन मी सरळ एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी आमच्यासमोर फोन लावला आणि तासाभरात एफआयआर झाला. परतताना गाडीत आम्ही खुशीत होतो. दोन महिन्यांनी त्याच पुढाऱ्याचं आरोपीच्या चुलत्याशी निवडणुकीसाठी जमलं आणि त्याच ठाण्यात दुसरा फोन गेला, ‘मिटवून घ्या म्हणावं’. मग पंचनामा झाला, पण दवाखान्याचा दाखला कधी मागवलाच गेला नाही. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने माझ्या अशिलाला पहिलाच प्रश्न विचारला, ‘गुन्हा कुणाच्या सांगण्यावरून नोंदला?’ तो खोटं बोलला नाही. आरोपी सुटले. पहिल्या फोनबद्दल मी कुरकुर केली नव्हती, तेव्हा दुसऱ्याबद्दल तक्रार करायला मला तोंडच उरलं नाही.

महाराष्ट्रातल्या मंत्र्याचा फोन तर आणखी वाईट. ठेवीदाराची तक्रार त्या क्षणी सीमाप्रश्न होते, आणि मग साडेचार लाख राहतात बाजूला.

हस्तक्षेप प्रत्यक्षात कसा होतो ते एकदा समोर बसून पाहण्यासारखं असतं. मी पाहिलंय. पीएसआय तक्रार वाचत होते, चांगल्या मनाने वाचत होते. ‘ऑडिट रिपोर्टची झेरॉक्स आहे का?’ असंही विचारलं. रायटरने रजिस्टर उघडलेलं. तेवढ्यात मोबाईल वाजला आणि साहेब खुर्चीतून उभे राहिले. फोनवर बोलताना कुणी उभं राहतं का? पण राहिले. ‘हौदु सर… आयतु सर… नोडतिनी सर…’ (हो सर, ठीक आहे सर, बघतो सर) एवढंच बोलणं. फोन ठेवल्यावर त्यांनी रायटरकडे पाहिलं, रायटरने रजिस्टर मिटलं आणि मला सांगण्यात आलं, ‘अर्ज ठेवून जा, चौकशी करतो.’ कुणी धमकी दिली नाही, लेखी आदेश आला नाही. पलीकडच्या माणसाने कदाचित ‘जरा बघा’ इतकंच म्हटलं असेल. फोनला जावक क्रमांक नसतो, हीच त्याची ताकद.

ते उभे का राहिले? बदलीच्या भीतीने. आपल्या राज्यात ‘मिनिट लेटर’ नावाचा प्रकार आहे. आमदार मुख्यमंत्र्यांना पत्र देतो की अमुक अधिकारी माझ्या मतदारसंघात द्या. सत्तेत कोणताही पक्ष असो, ही पद्धत चालत आली आहे. ज्याच्या पत्राने खुर्ची मिळाली, त्याचा फोन आला की उभं राहावंच लागतं. म्हणून त्या पीएसआयला शिव्या देऊन भागत नाही. त्याची मुलं इथल्या शाळेत आहेत, बायको इथे नोकरी करते. अधिकाऱ्याला मोकळेपणाने तपास करता यावा असं वाटत असेल, तर त्याची खुर्ची कुणाच्या मर्जीवर नाही इतकी तरी व्यवस्था हवी.

सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच ओळखून २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सात निर्देश दिले. पोलीस महासंचालकाला त्या पदावर किमान दोन वर्षं, तशीच जिल्ह्याच्या एसपीला आणि ठाणेप्रमुखालाही. बदल्या-बढत्यांसाठी पोलीस खात्यातल्याच वरिष्ठांचं मंडळ. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरण. सरकारने पोलिसांवर गैरवाजवी दबाव आणू नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग. आणि तपासाचं काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळं. कर्नाटकाने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून यातलं बरंच काही कागदावर आणलं. फळीवर नवी पाटी लागली, दुकान तेच राहिलं.

यातला तपास आणि बंदोबस्त वेगळे करण्याचा निर्देश लोकांना किरकोळ वाटतो. माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान तो न पाळल्याने होतं. शहराच्या ठाण्यांत कायदा-सुव्यवस्थेचा पीएसआय वेगळा आणि क्राइमचा वेगळा दिसतो. तालुक्यात मात्र तोच माणूस गणपती विसर्जनाला उभा, सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेला उभा, सीमाभागातल्या मराठी लोकांच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला उभा आणि सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावच्या विधिमंडळ इमारतीत, हिवाळी अधिवेशन भरलं की पुन्हा तिथे उभा. एका खटल्यात जप्ती पंचनाम्यावर दुपारी चारची वेळ होती, गाव खानापूर तालुक्यातलं. ठाण्याची डायरी मागवली तर त्या वेळी तपास अधिकारी हलग्याजवळ अधिवेशनाच्या बंदोबस्तावर. पंचनामा रायटरने लिहिला होता, साहेबांनी रात्री येऊन सही केली होती. तिथे कुणाही नेत्याने फोन केला नव्हता, तरी खटला गेला. तुमच्या प्रकरणात उशीर झाला की लगेच ‘वरून दबाव’ असं समजू नका. निम्म्या वेळा दबाव नसतो, माणूसच नसतो.

आता उरलेल्या निम्म्या वेळांबद्दल. गेल्या दोन वर्षांत आपल्याच जिल्ह्यात जे घडलं ते कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त शिकवतं. डिसेंबर २०२४ मध्ये अधिवेशन चालू असताना सभागृहात आपल्याबद्दल अपशब्द काढल्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांच्या तक्रारीवरून हिरेबागेवाडी ठाण्यात भाजपचे विधान परिषद सदस्य सी. टी. रवी यांच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि त्यांना अटक झाली. त्या रात्री त्यांना खानापूर ठाण्यातही आणलं होतं. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने सुटकेचा अंतरिम आदेश दिला, तपास सीआयडीकडे गेला आणि खानापूरचे निरीक्षक निलंबित झाले. ठाण्यात विरोधी पक्षाच्या नेत्यांना येऊ दिलं, हा त्यांच्यावरचा ठपका. बोलले गेलेले शब्द खरे की खोटे हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही. पण त्या रात्री खानापूर ठाण्याच्या टेबलामागे जो माणूस बसला होता, त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एका बाजूला सत्ताधारी मंत्री फिर्यादी, दुसऱ्या बाजूला आमदारांची गर्दी दारात.

२८ एप्रिल २०२५ रोजी बेळगावात काँग्रेसच्या सभेत गोंधळ झाला, तेव्हा मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यासपीठावर बंदोबस्ताला असलेल्या अतिरिक्त पोलीस अधीक्षकांवर हात उगारला. सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. त्या अधिकाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला आणि पुढे त्यांना बेळगावात उपायुक्त म्हणून नेमणूक मिळाली. फोनवर उभं राहण्याचं कारण त्या चित्रफितीत दिसतं.

मराठी माणूस म्हणून एक गोष्ट आपसांत बोलायला हवी. दबाव फक्त आमदाराचा नसतो, जमावाचाही असतो, आणि आपल्याकडे जमावाला भाषा असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसवाहकाला भाषेवरून मारहाण झाल्याचं प्रकरण पेटलं. दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या, संघटना रस्त्यावर आल्या आणि काही दिवसांत मारीहाळ ठाण्याच्या निरीक्षकांची बदली झाली. तपास अजून पूर्ण व्हायचा होता. २०१४ च्या जुलैत येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक काढला तेव्हा पोलिसांनी घराघरांत घुसून काठ्या चालवल्या, त्याबद्दल आपण अजून बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण आपल्या पोरावर गुन्हा झाला की ठाण्यापुढे शंभर माणसं नेऊन उभी करणं आणि कन्नड बाजूने लाल-पिवळी शाल घालून तेच करणं, तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच.

आंदोलनातले खटले मागे घ्या ही आपली जुनी मागणी. ती करायला हरकत नाही, पण रस्ता कोणता ते समजून घ्या. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० प्रमाणे खटला मागे घ्यायचा अर्ज सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने विचार करून द्यायचा, कोर्टाने परवानगी द्यायची आणि आता पीडिताचं म्हणणंही ऐकायचं. मंत्रिमंडळाने ठराव केला म्हणून खटला संपत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने हुबळीच्या २०२२ च्या दंगलीसह ४३ खटले मागे घ्यायचं ठरवलं, तो आदेश उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. आमदार-खासदारांवरचे खटले तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय.

भ्रष्टाचाराच्या तपासातही कर्नाटकाचाच धडा आहे. २०१६ मध्ये लोकायुक्त पोलिसांचे अधिकार काढून एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) उभारली, आणि ती मुख्यमंत्र्यांच्या अखत्यारीतल्या खात्याखाली ठेवली. ज्यांची चौकशी करायची त्यांच्याच हातात दोरी. ११ ऑगस्ट २०२२ रोजी उच्च न्यायालयाने एसीबी मोडीत काढली आणि खटले लोकायुक्तांकडे परत गेले. सीबीआय म्हणाल, तर कर्नाटकाने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यात तपासासाठी दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली आहे. तरी उच्च न्यायालय संमतीशिवाय तपास सीबीआयकडे देऊ शकतं, पण ते क्वचित. साडेचार लाखांच्या ठेवीसाठी सीबीआय मागायला धारवाड खंडपीठात जाऊ नका, बाहेर काढतील.

तर तुमच्या हातात काय आहे? कागद. फोनला कागद नसतो, म्हणून तुमचा कागद आधी तयार पाहिजे.

पहिलं, ते हिंबरह फाडू नका, जपून ठेवा. लोक रागाने फाडतात. पोलिसांनी तुमची तक्रार मिळाल्याचं आणि गुन्हा न नोंदवल्याचं ते स्वतःच्या सहीने दिलेलं पत्र आहे, तारखेसकट. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाने ठरवलं. पैशाच्या व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, पण ती ‘गुन्हा दिसतो का’ एवढ्यापुरतीच. त्याच नव्या संहितेच्या कलम १७३(३) खाली चौकशी केली असेल तर ती तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, डीवायएसपींच्या परवानगीने आणि १४ दिवसांत व्हायला हवी. म्हणून माहिती अधिकारात साधा प्रश्न विचारा, ‘माझ्या अर्जावर प्राथमिक चौकशी झाली का, परवानगीची प्रत द्या, चौकशी अहवालाची प्रत द्या.’ बऱ्याचदा परवानगीच नसते. आणि ‘दिवाणी आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. एकच व्यवहार दिवाणीही असतो आणि फौजदारीही. बोगस कर्जदाराच्या नावाने पैसे उचलणं ही फसवणूक आहे, मग वसुलीचा दावा कुठेही चालू असो.

दुसरं, एसपींना टपालाने सविस्तर तक्रार पाठवा. खानापूर हे बेळगाव शहराच्या पोलीस आयुक्तालयात येत नाही, जिल्हा एसपींच्या हद्दीत येतं. चुकून आयुक्तांना पाठवू नका, त्यात महिना जातो. कलम १७३(४) मध्ये ही पायरी सांगितली आहे आणि ती चुकवली तर पुढे मॅजिस्ट्रेट पहिल्याच तारखेला विचारतात. स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच लावून ठेवा. तक्रार मराठीत लिहा. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत द्यायचा हक्क आहे, आणि मराठी इथे शंभर टक्के वापरात आहे. पण हक्क आहे म्हणून हट्ट नको. सोबत कन्नड भाषांतर जोडा. वाचणारा कॉन्स्टेबल बहुधा विजयपूरचा नाहीतर बागलकोटचा असतो. त्याला समजलं तर काम हलतं. उलट बाजूने, तुमचा जबाब पोलीस कन्नडमध्ये लिहितील तेव्हा तो वाचून अर्थ सांगायला लावा, घाई करू नका. न वाचता जबाब मान्य केलेली कितीतरी मराठी माणसं मी साक्षीच्या पिंजऱ्यात अडकलेली पाहिली आहेत.

तिसरं, खानापूरच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात कलम १७५(३) चा अर्ज, शपथपत्रासह. आपल्या कोर्टात याला पीसीआर, म्हणजे खासगी तक्रारीचा, नंबर पडतो. नव्या संहितेत मॅजिस्ट्रेट पोलिसांचंही म्हणणं मागवतात. लोकांना वाटतं हा उशीर, मला वाटतं हा फायदा. ‘का नोंदवलं नाही’ याचं उत्तर पीएसआयला तिथे लेखी द्यावं लागतं, आणि ‘साहेबांचा फोन होता’ असं कुणी लेखी देत नाही. ऑडिट रिपोर्टची प्रमाणित प्रत सहकार खात्याकडून आधीच काढून ठेवा. झेरॉक्सवर कोर्ट हलत नाही.

एफआयआर झाल्यावर लोक घरी जाऊन झोपतात, तिथेच खरी गडबड होते. गुन्हा नोंदवू नका असं सांगणारे फोन कमी झालेत. ‘नोंदवा पण हळू घ्या’ असे वाढलेत. कलम १९३(३) प्रमाणे ९० दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नव्वदाव्या दिवशी पत्र नाही आलं तर एक्याण्णवाव्या दिवशी तुम्ही पत्र द्या. तपासाचा प्रत्येक दिवस केस डायरीत लिहायचा असतो आणि ती डायरी बांधलेली, पानांवर क्रमांक घातलेली हवी. ती तुम्हाला मिळणार नाही, पण कोर्ट मागवू शकतं, आणि मागवल्यावर तीन महिन्यांचं काम एकाच शाईत एकाच बैठकीत लिहिलेलं असेल तर न्यायाधीशांच्या लक्षात येतं. ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता गेलात ते वहीत लिहून ठेवा, चित्रण मागताना ती वेळच लागते.

मध्येच तपास अधिकारी बदलला तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. नव्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात भेटून तुमच्या कागदांचा एक संच पुन्हा द्या आणि पोहोच घ्या.

शेवटी बी रिपोर्ट, म्हणजे खटला भरण्याजोगं काही नाही असं सांगून तपास बंद करण्याचा अहवाल, आला तर? बी रिपोर्ट म्हणजे दबावच, असं धरून चालू नका. २०२२ मध्ये हिंडलग्याच्या रस्त्याच्या कामाच्या बिलावरून बेळगावच्या एका कंत्राटदाराने उडुपीत जीव दिला, मंत्री ईश्वरप्पा यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्याच वर्षी जुलैत पोलिसांनी पुरावा नाही म्हणून बी रिपोर्ट दिला. त्यावरही वाद झाला, कुटुंबाने आक्षेप घेतला. मुद्दा इतकाच की फिर्यादीला नोटीस दिल्याशिवाय कोर्ट असा रिपोर्ट स्वीकारत नाही. ती नोटीस आली की निषेध अर्ज द्यायचा आणि त्यात कोणता कागद मागवला नाही, कोणत्या साक्षीदाराला विचारलं नाही, एवढंच लिहायचं. ‘राजकीय दबावाखाली’ हे शब्द लिहिण्याची हौस आवरा. ते सिद्ध करता येत नाहीत. न मागवलेला कागद मात्र लगेच दाखवता येतो.

प्रामाणिक अधिकाऱ्यालाही याच कागदाचा आधार असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमावर काम करू नये, तो लेखी नोंदवावा. प्रत्यक्षात पीएसआय कधी आमदाराला म्हणत नाही की ‘लेखी द्या’. पण त्याच्या टेबलावर तुमचं स्पीड पोस्ट, एसपींचं पत्र आणि कोर्टाची पीसीआरची नोटीस पडली असेल, तर फोनवर त्याला सांगता येतं, ‘सर, कोर्टात गेलंय, आता माझ्या हातात नाही.’ हे वाक्य मी दोन अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, दोघांच्याही आवाजात सुटका होती.

ऑडिटची प्रमाणित प्रत, हिंबरह, ठेवीच्या पावत्या आणि वडिलांचं आधार कार्ड, एवढं घेऊन आधी खानापुरातल्याच एखाद्या फौजदारी वकिलाला भेटा. बेळगावला मोठं नाव शोधत येऊ नका. तारखा खानापुरात पडणार आहेत, रोज हजर राहील असा माणूस धरा. गावात अजून किती ठेवीदार अडकलेत ते मोजा आणि त्यातले चार-पाच जण तरी शपथपत्रावर सही करायला तयार आहेत का ते विचारा. ज्याच्या दारावर चेअरमनचं पोस्टर आहे त्यालाही विचारा, त्याचेही पैसे तिथेच आहेत.